माणसे मोजून गाव मोडीत काढू नये

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, दक्षिण डकोटाच्या सीमेजवळ, मोनोवाय नावाचे एक गाव आहे. १९३० च्या दशकात तिथे दीडशेच्या आसपास माणसे राहत होती. २००० सालच्या जनगणनेत फक्त एक वयस्कर जोडपे उरले होते आणि २०१० च्या जनगणनेत त्यातली एकटी पत्नी. कायद्याच्या लेखी मात्र ते रीतसर स्थापन झालेले गाव राहिले. त्यामुळे गावप्रमुख तीच, चिटणीस तीच, खजिनदार तीच, आणि गावातली एकमेव खानावळ चालवणारीही तीच. रस्त्यावरच्या चार दिव्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून तिने दरवर्षी रस्त्यांचा आराखडा तयार करून पाठवायचा, मद्यविक्रीचा परवाना स्वतःच मागायचा आणि गावप्रमुख या नात्याने स्वतःच मंजूर करायचा. पतीच्या मागे राहिलेली सुमारे पाच हजार पुस्तके तिने एका छोट्या खोलीत मांडली आणि गावाला वाचनालयही दिले.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही हकिगत गंमत म्हणून छापली. मला तिच्यात एक गंभीर सार्वजनिक प्रश्न दिसतो. जी बाई एवढ्या इमानाने वर्षानुवर्षे सरकारी कागद पुरे करते, कर भरते आणि दिवे चालू ठेवते, तिचे सरकार काय देणे लागते? मोनोवाय हे टोकाचे उदाहरण झाले. पण उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात, टेक्सासपासून थेट कॅनडाच्या सस्कॅचवान-अल्बर्टापर्यंत, वीस, चाळीस, सत्तर माणसांची अशी गावे विखुरलेली आहेत. त्यांच्याविषयी धोरण आखणाऱ्यांचे मत बहुतेक वेळा ठरलेले असते: ही गावे आपल्या मरणाने मरत आहेत, त्यांच्यावर पैसा कशाला घालायचा? ‘आपल्या मरणाने’ हे शब्द मला मान्य नाहीत. ही गावे सरकारी निर्णयांतून वसली आणि त्यांची पडझडही बऱ्याच अंशी सरकारी निर्णयांतून झाली. तेव्हा त्यांचा शेवट करायचाच असेल, तर तोही उघडपणे, कारणे देऊन आणि तिथे राहणाऱ्यांना विचारून घेतलेला निर्णय असला पाहिजे.

ही गावे वसली कशी, ते आधी पाहिले पाहिजे. १८६२ मध्ये अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. दहा वर्षांनी कॅनडानेही तसाच कायदा केला, तोही १६० एकरांचाच. ही जमीन ओसाड पडलेली नव्हती. लाकोटा, शायेन, पॉनी, क्री अशा अनेक समाजांची ती भूमी होती आणि सैन्याच्या बळावर, तसेच पुढे सर्रास मोडल्या गेलेल्या करारांच्या आधाराने ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती. त्यामागोमाग रेल्वे आली. घोडागाडीत धान्य भरून शेतकऱ्याला सकाळी निघून संध्याकाळच्या आत घरी परतता यावे, या हिशेबाने रेल्वे कंपन्यांनी साधारण आठ-दहा मैलांवर एकेक स्थानक टाकले, तिथेच भूखंड पाडून विकले आणि प्रत्येक स्थानकाभोवती दुकान, चर्च, शाळा, टपाल कार्यालय उभे राहिले. म्हणजे गावांमधले अंतर घोड्याच्या चालीने ठरले होते. ट्रॅक्टर आणि मालमोटार आल्यावर एवढ्या गावांची गरज उरणार नव्हती, हे कोणालाही नाकारता येणार नाही. शिवाय शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला जेमतेम वीस इंच किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. तिथे १६० एकरांवर कुटुंब पोसले जाईल ही समजूत मुळातच चुकीची होती. नेब्रास्काच्या पश्चिम भागासाठी १९०४ मध्ये ती मर्यादा ६४० एकर करावी लागली, आणि १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी उरलेसुरले भ्रमही दूर केले. शेते मोठी झाली, कसणारी कुटुंबे कमी झाली. इतपत घट अटळ होती, असे मीही मानतो.

पण या अटळ घटीच्या आडून पुढचे अनेक निर्णय झाकले जातात, आणि तिथे माझी हरकत आहे. सस्कॅचवानच्या गावांतल्या धान्यकोठारांचे पाहा. रुळांच्या कडेला उभी असलेली लाकडी, उंच, गडद रंगाची ही इमारत मैलोगणती लांबून दिसायची आणि तिच्यावर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असायचे. शेतकरी गाडी आत घेई, ती धान्यासकट वजनकाट्यावर चढे, धान्य खालच्या खड्ड्यात ओतले जाई, रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होई, आणि बादल्या लावलेला पट्टा ते धान्य वर नेऊन वेगवेगळ्या कप्प्यांत सोडी. पावती लिहून होईपर्यंत शेतकरी शेजारच्या लहानशा कचेरीत बसत. पावसाचा, भावाचा, कोणाच्या घरच्या आजारपणाचा विषय तिथेच निघे. तिथून तो दुकानात जाई, टपाल घेई, मग घरी परते. कोठार ज्या कंपनीचे किंवा सहकारी संस्थेचे असे ती गावाला कर भरत असे, आणि लहान गावाच्या तिजोरीत तो कर डोळ्यांत भरण्याइतका मोठा असे.

कॅनडात धान्यवाहतुकीचा रेल्वेदर १८९७ च्या करारातून कमी ठेवला गेला होता आणि पुढे तो कायद्याने गोठवला गेला. १९८३ मध्ये हा दर रद्द झाला, त्याच्या जागी आलेले अनुदानही १९९५ मध्ये बंद झाले. गोठलेल्या दरामुळे रेल्वेला तोटा होत होता आणि त्यापायी रूळ-डब्यांची आबाळ होत होती, ही तक्रार खरी होती. पण दर मोकळा झाल्यावर तोट्यातल्या शाखामार्गांचे रूळ झपाट्याने उखडले गेले, धान्य कंपन्यांनी मोठ्या मार्गांवर काँक्रीटची प्रचंड कोठारे बांधली आणि लाकडी कोठारे एकेक करून पाडून टाकली. शेतकऱ्याची धान्य वाहून नेण्याची फेरी दहा मैलांवरून पन्नास मैलांवर गेली. तो खर्च त्याच्या माथी आला, सार्वजनिक रस्त्यांवर अवजड गाड्यांचा भार आला आणि गावाचा कर बुडाला. रेल्वेच्या जमाखर्चात मात्र हे सगळे ‘बचत’ म्हणून दिसले. एका खात्याची बचत दुसऱ्याच्या बोडक्यावर खर्च म्हणून बसते, आणि दोन्ही आकडे एकत्र मांडायला कोणी बांधील नसते. लहान गावांच्या बाबतीतला बहुतेक हिशेब हा असाच आहे.

शाळांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सव्वा लाखाहून अधिक शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक कारभाराचे घटक, होते, आज ते तेरा हजारांच्या आसपास आहेत. त्यातले पुष्कळ विलीनीकरण योग्य होते. पाच विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा आणि विज्ञानाचा शिक्षक देता येत नाही. पण नेब्रास्कात जे घडले ते पाहण्यासारखे आहे. तिथे फक्त प्राथमिक शाळा चालवणारे दोनशेहून अधिक छोटे ग्रामीण शालेय जिल्हे होते. २००५ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने ते मोठ्या जिल्ह्यांत विलीन करण्याचा कायदा केला. नागरिकांनी सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागितले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी तो कायदा रद्द केला. मात्र विलीनीकरण त्याच वर्षीच्या जूनमध्ये उरकून घेण्यात आले होते. जिल्हे विसर्जित झाले होते, शिक्षक विखुरले होते, शाळेची मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर गेली होती. लोकांनी कौल दिला, पण ज्या गोष्टीसाठी दिला ती शिल्लकच राहिली नव्हती. विलीनीकरणाच्या बाजूने असणाऱ्या माणसालाही हा क्रम टोचायला हवा.

शाळा गेली की लहान मुले असलेले जोडपे त्या गावात घर घेत नाही. मुले नाहीत म्हणून दुकानाचे गिऱ्हाईक घटते. दुकान बंद झाले की वयस्कर माणसे मुलांकडे, मोठ्या गावात राहायला जातात. मग टपाल खाते लोकसंख्या पाहते आणि कार्यालय बंद करण्याचा प्रस्ताव मांडते. प्रत्येक खाते आपल्यापुरते बरोबर असते, कारण त्याच्या समोरचा आकडा खरा असतो. तो आकडा आधीच्या खात्याच्या निर्णयाने खाली आलेला आहे, हे पाहणे कोणाचेच काम नसते. म्हणूनच घटलेली लोकसंख्या हे सेवा काढून घेण्याचे कारण म्हणून पुढे केले जाते तेव्हा मी सावध होतो. बहुतेकदा ती आधीच्या सेवा काढून घेतल्याचा परिणामही असते.

खर्चाचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही, कारण तो शहरातल्या करदात्याचा प्रामाणिक प्रश्न आहे. एका माणसामागे एवढा खर्च त्या गावात का, आणि माझ्या गर्दीच्या वस्तीत का नाही? सस्कॅचवानच्या १९९३ च्या निर्णयाकडे या दृष्टीने पाहावे लागते. प्रांत कर्जात बुडाला होता आणि सरकारने एका फटक्यात ५२ ग्रामीण रुग्णालयांतील दाखल करून उपचार करण्याची सोय बंद केली. अनेक ठिकाणी त्यांची साधी आरोग्य केंद्रे केली. लोक हवालदिल झाले, माणसे मरतील असे सांगितले गेले. पुढे १९९९ मध्ये प्रांताच्याच संशोधन आयोगाने तपासले तेव्हा त्या गावांतील मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. लहान गावांची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष मान्य करूनच पुढे बोलावे. आठ खाटांचे, एका डॉक्टरवर चालणारे रुग्णालय म्हणजे सुरक्षितता, ही समजूत भावनेपोटी धरून ठेवण्यात अर्थ नाही. इमारत वाचवणे आणि माणसाला उपचारापर्यंत पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकार दुसऱ्या गोष्टीला बांधील आहे.

नेमकी हीच बांधिलकी पुढे मोडली गेली. रुग्णालय लांब गेले तर तिथपर्यंत जायचे साधन हवे. सस्कॅचवानमध्ये १९४६ पासून प्रांताच्या मालकीची बससेवा होती. स्वतः गाडी चालवू न शकणारी वयस्कर माणसे, कर्करोगावरच्या उपचारांसाठी रेजायना-सॅस्कटूनला जाणारे रुग्ण, छळ सोसून घराबाहेर पडणाऱ्या स्त्रिया, सगळ्यांचा भार या बसवर होता; वाचनालयांची पुस्तके आणि यंत्रांचे सुटे भागही तिनेच जात. मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पात सरकारने ही सेवा बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ मे रोजी शेवटची बस धावली. बहुतेक मार्ग तोट्यात आहेत, हे कारण होते. खासगी सेवा ती जागा भरून काढतील अशी आशा दाखवण्यात आली. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस, ग्रेहाउंड कंपनीनेही पश्चिम कॅनडातील जवळजवळ सगळ्या फेऱ्या थांबवल्या. १९९३ चा निर्णय ज्या गृहीतकावर टिकला होता, की माणूस मोठ्या गावापर्यंत पोचू शकेल, ते गृहीतकच चोवीस वर्षांनी काढून घेतले गेले. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांचे होते, पण ज्या माणसाला डायलिसिससाठी जायचे आहे त्याच्यासाठी ती एकच साखळी आहे.

मैदानी गावांच्या शेवटाविषयी सर्वांत धीट विचार फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक दांपत्याने १९८७ मध्ये मांडला. ओस पडत चाललेला विस्तीर्ण पट्टा पुन्हा गवताळ राने आणि रानगव्यांसाठी मोकळा करावा, अशी त्यांची सूचना होती. गावोगावच्या सभांत त्यांना संतापाला तोंड द्यावे लागले. कॅन्ससचे तेव्हाचे राज्यपाल माइक हेडन यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली होती. २००४ मध्ये त्याच हेडन यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, कारण लोकसंख्येची घसरण पॉपर दांपत्याने सांगितल्याप्रमाणेच होत गेली. त्यांचे निदान मला पटते. ज्या समाजांकडून ती भूमी घेतली गेली त्यांच्या हाती तिचा काही भाग परत जावा आणि त्यावर रानगवे पुन्हा चरावेत, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. काही आदिवासी राष्ट्रांनी ते काम स्वतःच सुरूही केले आहे. माझा आक्षेप निर्णय कोणी घ्यायचा यावर आहे. दूरच्या विद्यापीठातून किंवा राजधानीतून नकाशावर रेघ मारून गाव संपवणे ही त्या भूमीवर पूर्वी घडलेल्या प्रकाराचीच सौम्य आवृत्ती होईल. मूळ रहिवाशांना न विचारता जमीन वाटली गेली हा अन्याय होता; आता तिथे राहणाऱ्या सत्तर माणसांना न विचारता त्यांचे गाव पुसले, तर त्याने तो अन्याय भरून निघत नाही.

मग मोजायचे कशाने? माझे म्हणणे असे की, विरळ वस्तीच्या प्रदेशात सेवेचा निकष माणसांची संख्या हा नसावा, अंतर हा असावा. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९९७ मध्ये छोट्या ग्रामीण रुग्णालयांसाठी एक वेगळा वर्ग केला. २५ पर्यंत खाटा आणि सर्वसाधारणपणे दुसऱ्या रुग्णालयापासून ३५ मैलांहून अधिक अंतर अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला वृद्धांच्या सरकारी विम्यातून प्रत्यक्ष खर्चाच्या आधारावर पैसे मिळतात. त्या पट्ट्यातली कित्येक रुग्णालये यामुळेच तगली. टपालाच्या कायद्यातही, केवळ तोट्यात चालते एवढ्याच कारणावरून कोणतेही छोटे कार्यालय बंद करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. २०११ मध्ये टपाल खात्याने सुमारे ३,७०० कार्यालये बंद करण्यासाठी यादीत घातली, तेव्हा गावांनी विरोधासाठी या तरतुदीचाही आधार घेतला. २०१२ मध्ये खात्याने पवित्रा बदलला आणि सुमारे १३,००० ग्रामीण कार्यालये दिवसाला दोन, चार किंवा सहा तास उघडी ठेवण्याचे ठरवले. दोन तासांचे टपाल कार्यालय ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. पण औषधाचे पाकीट, पेन्शनचा धनादेश आणि मतपत्रिका त्या खिडकीतून मिळते, आणि ती खिडकी उघडी असेपर्यंत गावाचा पत्ता उरतो.

फार लहान गावात आकडा हा निकष मुळात चालतच नाही. २०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या दोन दाखवली गेली, कारण व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणना विभाग छोट्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतो. जिथे आकडा गोपनीयतेसाठी बदलावा लागतो, तिथे त्याच आकड्यावर सेवांचा निकाल लावणे तर्काला धरून नाही. शिवाय त्या एकट्या बाईच्या खानावळीत येणारे लोक मोनोवायचे नव्हतेच; ते आसपासच्या शेतांवरून, गुरांच्या रानांवरून मैलोगणती गाडी हाकत येत. गावाची लोकसंख्या एक होती, पण गावाचा उपयोग असणारी माणसे कितीतरी जास्त होती, आणि ती कोणत्याही रकान्यात गावाच्या नावावर मोजली गेली नाहीत.

याउलट धोरण लहान गावाच्या बाजूने वळवता येते, हे उत्तर डकोटाने दाखवले आहे. औषध दुकानाची बहुसंख्य मालकी परवानाधारक औषधशास्त्रज्ञाकडेच असली पाहिजे, असा कायदा तिथे १९६३ पासून आहे. मोठ्या साखळी दुकानांनी तो बदलण्यासाठी जोर लावला, पण २०१४ च्या सार्वमतात मतदारांनी तो कायम ठेवला. औषधे शहरात थोडी स्वस्त झाली असती हा युक्तिवाद लोकांनी ऐकला आणि तरीही गावातले दुकान टिकणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. कॅन्ससने २०११ मध्ये वेगळी वाट धरली. घसरणीला लागलेल्या काउंटींमध्ये बाहेरून राहायला येणाऱ्यांना पाच वर्षे राज्याचा आयकर माफ आणि शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीसाठी १५,००० डॉलरपर्यंत मदत. मला ही वाट अर्धवट वाटते. नव्या माणसाला बोलावण्यासाठी पैसे मोजायचे आणि जुन्या माणसाची बस, शाळा, टपाल काढून घ्यायचे, यात मेळ कुठे आहे? नवा माणूसही शेवटी शाळा कुठे आणि डॉक्टर किती लांब, हेच विचारणार.

लहान गावांकडे केवळ दयेचा विषय म्हणून पाहणाऱ्यांना सस्कॅचवानचाच इतिहास सांगायला हवा. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेतला डॉक्टर, उत्पन्न पुरत नाही म्हणून गाव सोडून जाणार होता. लोकांनी कर गोळा करून त्याला वार्षिक पगारावर ठेवून घेतले. ही पद्धत शेजारच्या पालिकांनी उचलली, प्रांताने तिला कायद्याचा आधार दिला. १९४७ मध्ये प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर (सरकारप्रमुख) टॉमी डग्लस यांच्या सरकारने रुग्णालयाचा विमा सर्वांना लागू केला आणि १९६२ मध्ये त्यांच्यानंतर आलेल्या वुड्रो लॉइड यांच्या सरकारने डॉक्टरी सेवेचाही. आज संपूर्ण कॅनडाला ज्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा अभिमान वाटतो, तिचे एक मूळ अशा पंचक्रोशीत आहे, जिला आजचा कोणताही सल्लागार ‘व्यवहार्य नाही’ असा शेरा मारून मोकळा होईल. एकाला जे परवडत नाही ते सर्वांनी मिळून करायचे, ही सवय विरळ वस्तीत गरजेपोटी लागते. ती सवय गमावणे हे देशाचेही नुकसान आहे.

प्रत्येक गाव कायम टिकलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. काही गावांतल्या लोकांनी स्वतःच ठराव करून गावाचा वेगळा दर्जा सोडला आहे आणि कारभार भोवतालच्या ग्रामीण पालिकेकडे सोपवला आहे. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झेपत नाही, पदांवर बसायला माणसे उरली नाहीत, असे त्यांनीच ओळखले. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माझा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी गावाशी बोलावे, पर्यायी सोय उभी करावी, ती चालते का ते काही वर्षे पाहावे, आणि मगच जुनी सेवा काढावी. एखाद्या खात्याला सेवा बंद करायची असेल तर वाहतूक, शिक्षण, आरोग्य या इतर खात्यांवर आणि प्रत्यक्ष कुटुंबांवर किती खर्च ढकलला जाणार आहे, याचा एकत्र ताळेबंद त्याने आधी जाहीर करावा. सार्वमताची मागणी रीतसर दाखल झाली असेल तर निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबावी. नेब्रास्काच्या शाळांच्या वाट्याला जे आले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये. आणि सत्तर वर्षे चाललेली बस जेमतेम दहा आठवड्यांच्या सूचनेवर बंद करण्याची मुभा कोणत्याही अर्थसंकल्पाला असू नये. किमान दोन वर्षांची पूर्वसूचना आणि पर्यायी वाहनाची लेखी हमी, एवढी तरतूद कायद्यातच असायला हवी.